इंग्रजी म्हणींतील दात



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची कल्पना अशी असावी की, कामगार संघटनेचा माणूस म्हणजे हा महागाई, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार. आम्ही 'इंग्रजीतील चावण्याचघळण्याचे वाक्प्रचार' असा विषय लिहून दिला. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, "म्हणजे नक्की काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही काही भाषेचे प्राध्यापक नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. १९८२ च्या गिरणी संपात वडिलांची नोकरी गेली ती गेलीच, आणि तिच्यामागून दोनतीन वर्षांत आमची शाळाही गेली. इंग्रजी शिकलो ते वीरकरांचा कोश उशाशी ठेवून आणि कारखान्यांच्या नोटिसा वाचून. अशा माणसाने इंग्रजी म्हणींवर बोलावे याला कारण घडले आहे, आणि ते आमच्या फजितीचे आहे. फजिती दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आपली आपण सांगितलेली बरी.

वीसबावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मागणी घटली होती. बोलणी चालू होती. नवे व्यवस्थापक बाहेरगावचे, सगळे बोलणे इंग्रजीत. चर्चेच्या शेवटी ते टेबलावर हात ठेवून म्हणाले की, आता आपणां सर्वांनाच 'बाइट द बुलेट' करावे लागेल. न कळलेले वाक्य वहीत देवनागरीत उतरून घ्यायचे आणि रात्री कोशात पाहायचे, अशी आमची शिस्त असे. त्या दिवशी ती पाळली नाही. 'बुलेट' म्हणजे गोळी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. 'बाइट' म्हणजे चावणे हे आम्हांला ठाऊक. मग कोश कशाला? संध्याकाळच्या द्वारसभेत आम्ही सांगून मोकळे झालो, "साहेब म्हणतात, सगळ्यांना गोळी खावी लागेल!"

पुढे काय झाले याची कल्पना आपण करू शकाल. अर्ध्या तासात सगळ्या शेडमध्ये बातमी की गोळीबार होणार. दुसरी पाळी आत जाईना. फाटकाशी पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली, त्यामुळे तर बातमीवर शिक्काच बसला. रात्री आम्ही इंग्रजीच्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. ते बिचारे पोट धरून हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, "अहो, त्याचा अर्थ एवढाच की, अप्रिय गोष्ट टाळता येत नसेल तर मन घट्ट करून ती उरकावी." दुसऱ्या दिवशी आम्ही लेखी दिलगिरी दिली. स्वतःचे बोलणे मागे घ्यावे लागले की इंग्रज म्हणतो, 'आपलेच शब्द खाल्ले.' आम्ही खाल्ले.

पण श्रोतेहो, खरी गोष्ट पुढेच आहे. त्या फजितीने आम्ही इतके ओशाळलो होतो की, त्या दिवशी पुढ्यात आलेल्या करारावर फारशी हुज्जत न घालता सही केली. बावीस बदली कामगार कमी झाले. साहेब 'सर्वांनाच' म्हणाले होते. दात मात्र त्या बावीस जणांचेच लागले. त्याच वर्षी कचेरीत थंड हवेची नवी यंत्रे बसली. तेव्हापासून इंग्रजीत कोणी चावण्याची भाषा काढली की आम्ही वही उघडतो आणि विचारतो की, दात कोणाचे? आजचे व्याख्यान म्हणजे त्या वहीची काही पाने आहेत.

प्रथम शब्दाचेच पाहा. आपण मराठीत 'चावणे' हे एकच क्रियापद दोन कामांना वापरतो. कुत्राही चावतो आणि आईही मुलाला 'नीट चावून खा' असे सांगते. इंग्रजीत ही दोन कामे वेगळी आहेत. दात रुतवून तोडणे ते 'बाइट', आणि तोंडात घेतलेले दाढांखाली बारीक करणे ते 'च्यू'. आपल्याकडे 'चघळणे', 'चर्वण', 'कुरतडणे' असे शब्द आहेत, नाही असे नाही. पण तोडणे व बारीक करणे ही जोडी इंग्रजी म्हणीत समोरासमोर उभी राहते, तशी मराठीत राहत नाही. कोश पाहूनही नेमका अर्थ हाती येत नाही तो यामुळे.

आता ती गोळी. सर्वसाधारण समजूत अशी की, भूल देण्याचे औषध नव्हते त्या काळी रणांगणावर जखमी शिपायाचा पाय कापताना त्याच्या दातांत शिशाची गोळी देत. चित्रपटांतून आपण हे पाहिलेले असते. भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने इथर वापरून घडविले, तेव्हा त्याआधी रुग्णाला काहीतरी दातांत धरावे लागे हे खरे. अमेरिकेतल्या जुन्या रणभूमींवर दातांचे व्रण उमटलेल्या शिशाच्या गोळ्या सापडल्याही आहेत. मात्र संशोधकांनी बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांतल्या कित्येक डुकरांनी चावलेल्या निघाल्या! मातीत मुळे उकरताना डुकराला गोळी काय नि कंद काय.

परंतु गोळी चावण्याचा जुना लेखी उल्लेख शस्त्रक्रियेचा नाही, तो फटक्यांचा आहे. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस बाजारी आणि शिपाईगिरीच्या शब्दांचा कोश केला. विद्वानांनी गाळलेले शब्द गोळा करणारा हा माणूस आम्हांला फार जवळचा वाटतो. त्याच्या कोशात 'नाइटिंगेल', म्हणजे रात्री गाणारा तो बुलबुलासारखा पक्षी, या शब्दाचा पलटणीतला अर्थ दिला आहे: फटके बसत असताना ओरडणारा शिपाई. त्या काळी शिपायाला तिकटीला बांधून नऊपदरी आसूड मारीत. काही पलटणींतल्या ग्रेनेडियर शिपायांना ओरडण्यात कमीपणा वाटे, म्हणून ते तोंडात शिशाची गोळी धरून ती चावीत.

हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. अप्रिय कर्तव्य धैर्याने करण्याचा हा वाक्प्रचार मुळात मार खाणाऱ्याचा आहे. आसूड मारणारा, फटके मोजणारा, सावलीत उभा राहून हुकूम देणारा, यांपैकी कोणालाही गोळी चावावी लागत नव्हती. शिपायाला तिकटीवर बांधला की त्याच्या हाती उरे ते एवढेच, ओरडायचे की नाही ओरडायचे. तेवढी अब्रू तो दातांत धरून ठेवी. आणि तोच शब्द आज हुकूम देणाऱ्याच्या तोंडी आहे.

हे फटके म्हणजे काही गमतीचा मामला नव्हे. १८४६ सालीच, भुलीचे प्रात्यक्षिक झाले त्याच वर्षी, लंडनजवळ हाउन्स्लो येथे सातव्या हुसार पलटणीचा शिपाई फ्रेडरिक जॉन व्हाइट याला जून महिन्यात दीडशे फटके मारण्यात आले आणि जुलैत तो मेला. वेकली नावाच्या कॉरोनरने चौकशी केली, देशभर ओरड झाली आणि फटक्यांची कमाल मर्यादा पन्नासावर आली. शिक्षा पुरती बंद व्हायला १८८१ साल उजाडले. जाता जाता सांगावेसे वाटते की, बेंटिंकने १८३५ साली कंपनीच्या हिंदी शिपायांची फटक्यांची शिक्षा बंद केली होती, म्हणजे काही वर्षे एकाच छावणीत गोऱ्याला फटके होते नि काळ्याला नव्हते. दहा वर्षांनी हिंदी शिपायालाही ती पुन्हा लागू झाली. समता आली ती अशी!

कोणी कोणी या वाक्प्रचाराचा संबंध आपल्या १८५७ शी जोडतात. तो चुकीचा आहे, ग्रोसचा कोश त्याच्या कितीतरी आधीचा. शिवाय १८५७ ला दातांनी फाडायची होती ती गोळी नव्हे, काडतूस. काडतूस म्हणजे कागदाची नळी, तिच्यात दारू आणि गोळी. नळीचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळकांड्यात ओतायची, मग गोळी ठासायची. त्या कागदाला गाईची वा डुकराची चरबी असल्याचा बोभाटा झाला. पुढे टोक हाताने फाडण्याची मोकळीक देण्यात आली, पण तोवर विश्वास उडाला होता. मीरतला २४ एप्रिल १८५७ रोजी नव्वद घोडेस्वारांपैकी पंच्याऐंशींनी काडतूस घ्यायचे नाकारले. ९ मे रोजी त्यांना सर्वांदेखत बेड्या ठोकल्या आणि १० मेला काय पेटले ते आपण जाणताच. गोळी आणि काडतूस यांचा उगम एक नव्हे, तथापि दोन्हीकडे दात शिपायाचेच आहेत.

आता दुसरे पान. 'खाऊ घालणाऱ्या हाताला चावू नये' असे इंग्रजीत म्हणतात. हे वाक्य आम्हांला तीस वर्षांत नाना रूपांनी ऐकवले गेले आहे. मागणीपत्र दिले की हे वाक्य येते, जणू पावतीच. आपल्याकडे याला जोड आहे 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' ही. दोन्हींत कृतघ्नपणा आहे, पण चित्र किती निराळे! इंग्रजीत खाणारा म्हणजे कुत्रा; हातातून तुकडा घेतो आणि हातालाच चावतो. मराठीतला खाणारा माणूस आहे, पाहुणा आहे. तो पाटावर बसून जेवला आणि आढ्याकडे पाहून वासे मोजू लागला. शिष्टाचार सुटला खरा, पण माणूसपण सुटले नाही. आणि खरे सांगायचे तर आमचा धंदाच वासे मोजण्याचा. कंपनीचा ताळेबंद वाचणे म्हणजे दुसरे काय? घर कितपत भक्कम आहे, वाळवी कुठे लागली आहे, हे त्या घरात राबणाऱ्याने पाहू नये तर कोणी पाहावे?

या हाताच्या म्हणीचा एक धनी इतिहासात सापडतो आणि तो मोठा माणूस आहे. एडमंड बर्क. वॉरन हेस्टिंग्जने हिंदुस्थानात केलेल्या अन्यायांबद्दल ज्याने पार्लमेंटात वर्षानुवर्षे खटला चालविला तोच. १७९५ च्या एप्रिलमध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. त्या साली इंग्लंडात पीक बुडाले होते, पाव महागला होता, ठिकठिकाणी दंगे झाले. मजुराला निदान पोटापुरती मजुरी कायद्याने मिळावी काय, असा प्रश्न निघाला. तेव्हा नोव्हेंबरात बर्कने पंतप्रधान पिट यांच्यासाठी टंचाईवर एक टिपण लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १८०० साली छापले गेले. त्याचे म्हणणे असे की, मजुरी हा बाजारातला माल आहे, त्याचा भाव मागणीप्रमाणे ठरेल, सरकारने मध्ये पडू नये. आणि लोकांना सरकारकडून भाकरीची सवय लागली, तर पहिल्याच टंचाईत ते उलटून खाऊ घालणाऱ्या हाताला चावतील.

बनारसच्या चेतसिंगासाठी आणि अयोध्येच्या बेगमांसाठी ज्याचा कंठ दाटून येत असे, त्याला आपल्याच गावातला शेतमजूर मात्र चावरा दिसला. आम्ही बर्कला लहान करण्यासाठी हे सांगत नाही. लांबचे दुःख दिसावे आणि अंगणातले दिसू नये, असे थोरांचेही होते, आणि आमच्या संघटनेतही होते. कायम कामगारांच्या पगारासाठी घसा कोरडा करणारे आम्ही, त्या बावीस बदल्यांच्या वेळी काय केले ते मघाशी सांगितलेच.

पण प्रश्न उरतोच. त्या चित्रात हात कोणाचा? पाव मजुराने पेरला, मळला, भाजला. खाऊ घालणारा हात नेमका कोणता, याविषयीच तर वाद आहे, आणि म्हण तो वाद आधीच मिटवून टाकते. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' या आपल्या म्हणीतही तीच खोच आहे. पोळी लाटली कोणी हे ती सांगत नाही.

तिसरी म्हण अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापात आलेली: 'चावता येईल त्याहून मोठा तुकडा तोडू नये.' ती तंबाखूवरून आली असे बहुधा सांगतात. तिकडे तंबाखू दाबून तिची वडी करीत, आणि दुसऱ्याने वडी पुढे केली की फुकट मिळते म्हणून हावरा माणूस मोठाच तुकडा तोडी, मग गाल फुगवून बसे. आमच्या पाळीवाल्यांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या डबीतली तंबाखू घेताना चिमूट आपोआप मोठी होते.

याला मराठी म्हण कोणती, असे विचारले तर कोणीही म्हणेल, 'लहान तोंडी मोठा घास.' आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. पण नीट पाहा. इंग्रजीत मोजमाप दातांचे आहे: तुझ्याने चावेल का, एवढाच प्रश्न. मराठीत मोजमाप पायरीचे आहे. 'लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी' असे धाकटा थोरल्यापुढे म्हणतो, तेव्हा त्याला तो घास चावणार नाही अशी शंका नसते; आपण लहान आहोत, हा घास आपला नव्हे, एवढेच तो म्हणत असतो. अमेरिकन म्हण हावऱ्याला हसते, आपली म्हण लहानाला गप्प बसवते. आम्हांला आपल्या भाषेचा अभिमान आहे, पण ही म्हण उच्चारताना आमची जीभ अडखळते.

आमच्या वडिलांना ही म्हण फार ऐकावी लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकाच युनियनला मिळत असे, ते बदलायचे होते. दीड वर्षाहून अधिक काळ तो चालला. रीतसर मागे असा कधी घेतलाच नाही. कामे भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेली, कामगार गावाकडे गेले. पुढे नातेवाईक म्हणत, "लहान तोंडी मोठा घास घेतलात." वडील गरीब स्वभावाचे, पण यावर एकदा ते चिडले. म्हणाले, "पगार मागितला यात मोठा घास कुठला? चावायला जेवढे महिने लागणार होते तेवढं पीठ घरात नव्हतं, ही चूक." अमेरिकन म्हण आणि मराठी म्हण यांतला फरक आम्हांला त्या एका वाक्यात कळला, इंग्रजी येण्याच्या पुष्कळ आधी. संप करण्यापूर्वी आम्ही आजही पीठ मोजतो. हक्क आहे की नाही ते वेगळे, आणि चावेल की नाही ते वेगळे.

बाकीची पाने भरभर उलटतो, घड्याळाकडे आमचे लक्ष आहे.

'जीभ चावणे' दोन्ही भाषांत आहे, पण इंग्रज बोलण्याआधी जीभ चावतो आणि आपण बोलून गेल्यावर. म्हणजे तिकडे तो संयम आहे आणि इकडे तो पश्चात्ताप. तिकडच्या संयमाला आपला शब्द 'मूग गिळून बसणे'. त्या द्वारसभेत आम्ही इंग्रजी पद्धतीने जीभ चावायला हवी होती. मराठी पद्धतीने चावली. 'धूळ चावणे' म्हणजे तिकडे पडणे, मरणे. पडणारा स्वतःच धूळ चावतो. आपण शत्रूला धूळ चारतो. क्रियापद जिंकणाऱ्याच्या हाती. 'एकदा चावा बसला की दुसऱ्यांदा भिणे' हे तिकडचे. आपल्याकडे दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात. त्यांना कुत्रा आठवला, आपल्याला स्वयंपाकघर.

'चघळून पाहू' हा एक प्रकार मात्र सावधपणे ऐकावा. विचार करू, असा त्याचा सरळ अर्थ. गाय रवंथ करते त्यावरूनच इंग्रजीत चिंतनाचा एक शब्द आला आहे, आणि आपणही रवंथ करतोच. पण गाईचे रवंथ संपते. एका व्यवस्थापनाने आमचे मागणीपत्र तीन वर्षे चघळले. संस्कृतात याला चर्वितचर्वण असा भारदस्त शब्द आहे, आम्ही चोथा म्हणतो. तेव्हापासून कोणी चघळू म्हणाले की आम्ही तारीख विचारतो.

मागल्या वर्षी एका कारखान्यात बोलणी होती. मनुष्यबळ विभागाच्या एक तरुण बाई मसुदा घेऊन आल्या. पहिल्याच परिच्छेदात तीच आमची ओळखीची गोळी: सर्वांनी मिळून 'बाइट द बुलेट' करण्याची वेळ आली आहे. आम्ही विचारले, "बाई, दात कोणाचे ते यात लिहिलेले नाही." त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, ती नुसती बोलायची पद्धत आहे." आम्ही म्हणालो, "मग ती खोडा, आणि कोणी काय सोसायचे ते साध्या शब्दांत लिहा." त्यांनी खरोखरच ओळ खोडली. तेथे रकाने आखावे लागले. कामगारांची वेतनवाढ सहा महिने पुढे, हा रकाना लगेच भरला. अधिकाऱ्यांचा रकाना भरायला तीन बैठका गेल्या; पण भरला, त्यातही सहा महिने. कंत्राटी माणूस एकही कमी झाला नाही. बाईंचे आम्ही मनापासून आभार मानले. वरच्यांशी भांडून तो रकाना त्यांनीच भरून आणला होता.

त्या बावीस जणांपैकी एक आता एस. टी. स्थानकाबाहेर चहाची गाडी लावतो. आज इकडे येताना त्याच्याकडे थांबलो. त्याने विचारले, "भाऊ, विषय काय?" आम्ही सांगितला. तो गाळणे झटकत म्हणाला, "मग त्या गोळीचं सांगणार असाल." आम्ही हो म्हणालो. "आमच्यातले दोघे आता नाहीत, तेवढं सांगा." चहाचे पैसे त्याने नेहमीप्रमाणे घेतले नाहीत.

त्याने सांगायला सांगितले ते सांगितले.